प्राण्यांवर टिकलेला जोड माणसात टिकेल, हे कशावरून?

शल्य_निवासी: आमच्या विभागात आतड्याचा जोड घेण्याची (म्हणजे कापलेली टोके शिवून जोडण्याची) एक नवी पद्धत डुकरांवर तपासण्याचा प्रस्ताव तयार होत आहे आणि त्यातील पूर्वपीठिका मला लिहायची आहे. निरोगी प्राण्याच्या पोटात न गळलेला जोड कर्करोगाने खंगलेल्या रुग्णाच्या पोटातही गळणार नाही, असे कोणत्या आधारावर म्हणावे? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

वि. दा.: असे म्हणूच नये, हे माझे स्पष्ट मत आहे, आणि त्यासाठी आपण व्हिएन्नातील शल्यविशारद बिलरोथ यांच्या सहाय्यकांचे काम अवश्य पाहावे. गुसेनबाउअर आणि विनिवार्टर यांनी कुत्र्यांच्या जठराचा शेवटचा भाग काढून उरलेले जठर आतड्याला जोडले आणि तो जोड जठररसाने विरघळत नाही, हे दाखवून दिले. परंतु ते तेवढ्यावर थांबले नाहीत. व्हिएन्नातील शवविच्छेदनाच्या नोंदी चाळून, या भागातील कर्करोग किती रुग्णांत इतरत्र पसरलेला नसतो, याचाही त्यांनी शोध घेतला. हे काम १८७६ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे जठराचा हाच भाग माणसात काढून पाहणाऱ्या पेआँ आणि रिडिगिएर या शल्यविशारदांचे रुग्ण दगावले, तर २९ जानेवारी १८८१ रोजी बिलरोथ यांनी केलेली शस्त्रक्रिया यशस्वी झाली. ती रुग्ण सुमारे चार महिन्यांनी दगावली, पण रोग पसरल्यामुळे. जोड भरून आलेला होता. टाक्यांविषयीचे उत्तर कुत्र्यांनी दिले होते, रोगाविषयीचे त्यांना देता येण्यासारखेच नव्हते.

शल्य_निवासी: मनःपूर्वक आभार. मग टाक्यांपुरते तरी प्राण्यांवरचे निष्कर्ष निर्धास्तपणे स्वीकारावेत का?

सुनीता_पशुवैद्य: बऱ्याच अंशी, होय. १८२६ मध्ये फ्रेंच शल्यविशारद लाँबेर यांनी आतड्याची बाहेरची आवरणे एकमेकांना भिडवण्याचा आग्रह धरला. १८८७ मध्ये अमेरिकी शल्यविशारद हॉलस्टेड यांनी कुत्र्यांवरील प्रयोगांतून सिद्ध केले की टाक्याला खरी पकड सबम्युकोसा, म्हणजे आतड्याच्या आतल्या अस्तराखालचा थर, देतो, आणि सुई तिथे पोहोचली की बोटांना किंचित अडथळा जाणवतो. माणसाच्या आतड्यावर टाके घालतानाही हीच जाणीव उपयोगी पडते. मात्र आपला जोड मोठ्या आतड्याचा असेल, तर डुकराचे मोठे आतडे मळसूत्रासारखे गुंडाळलेले असते, याची नोंद प्रस्तावात असलीच पाहिजे.

आणखी एक गोष्ट आग्रहाने सांगते. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यानुसार, केवळ हात बसावा म्हणून प्राण्यांवर प्रयोग करणे शक्यतो टाळायचे असते. जे कौशल्य खाटिकखान्यातून आणलेल्या आतड्यावर कमावता येते, त्यासाठी जिवंत डुकराला भूल देऊ नये. जोड गळतो की भरून येतो, हे मात्र रक्ताभिसरण चालू असलेल्या आतड्यातच कळते. म्हणून शस्त्रक्रियेनंतर डुकराला किती दिवस जगवणार, वेदनाशामक कोणते देणार आणि त्याची प्रकृती कोणत्या टप्प्याला बिघडली म्हणजे प्रयोग थांबवणार, हे प्रस्तावात आधीच लिहून ठेवा.

शल्य_निवासी: आमचा जोड लहान आतड्याचाच आहे. जगवण्याचा कालावधी आणि थांबण्याचे निकष मसुद्यात नव्हते. ते मार्गदर्शकांशी बोलून घालते.