‘अय्यो’ नेमका कुठे वापरायचा?

खानापूरकर
शाळेच्या एकांकिकेत बेळगावच्या शहापुरातलं घर दाखवायचंय. आई-मुलगी मराठी, शेजारीण कन्नड. चुलीवरचं दूध उतू जातं तिथे संहितेत ‘अरेरे’ आहे, पण मुली तालमीत आपसूक ‘अय्यो’ म्हणतात. काय ठेवावं? आणि ‘अय्यो’ मराठीत चालतो का?

टिळकवाडी_वाचक
‘अय्यो’च ठेवा. ‘अरेरे’ ही घडून गेलेल्या गोष्टीवरची हळहळ, तीही बहुधा दुसऱ्याच्या नुकसानीवरची: ‘अरेरे, त्यांचा ऊस पार आडवा झाला.’ दूध डोळ्यांदेखत जातंय तेव्हा हळहळायला सवड कुठली! ‘अय्यो, दूध गेलं की!’ हेच तोंडात येणार. शेवटचा ‘की’ काढू नका, आपली बोली त्याच्यातच आहे. ‘बापरे’ला भीतीची छटा असते, ‘अबब’ला आकाराची. दोन्ही इथे नकोत.

सीमाभाग
उच्चाराचं बघा. जोर ‘य्य’वर, मग ‘यो’ लांबवायचा. धक्का जेवढा मोठा तेवढा ‘यो’ लांब, आणि फारच झालं तर ‘अय्यय्यो’. संहितेत ‘अयो’ लिहिलंत तर नवखी मुलगी जोर गाळते. ‘अय्योओओ’ असंही लिहू नका, कंसात ‘लांबवून’ एवढी सूचना पुरते.

‘अय्या’शी मात्र गल्लत नको. त्यात लाज, कौतुक, गोड आश्चर्य असतं आणि तो बहुतेक बायका-मुलींच्याच तोंडी. ‘अय्या, दूध गेलं!’ म्हटलं तर मुलीला आनंद झाल्यासारखं वाटेल. ‘अय्यो’ बाप्येही सर्रास म्हणतात.

निपाणी_रोड
वर हळहळ ‘अरेरे’ला दिलीय, ते मराठीपुरतं ठीक. कन्नडमध्ये ‘अय्यो’ दयाही दाखवतो. आईचा हात भाजला तर शेजारीण ‘अय्यो पाप!’ म्हणेल. हे ‘पाप’ म्हणजे ‘बिचारी’, पुण्याच्या उलटचं पाप नव्हे. सीमाभागाबाहेर प्रयोग असेल तर प्रेक्षक इथे हमखास चुकतात. लगेच मुलीच्या तोंडी ‘व्हय की मावशी, बिचारीचा हात भाजला’ घाला, अर्थ उलगडतो.

चालतो का, याबद्दल: व्याकरणात हे केवलप्रयोगी अव्यय. लिंग-वचनाने बदलत नाही, पुढे स्वल्पविराम किंवा उद्गारचिन्ह. ऑक्सफर्डच्या इंग्रजी कोशानेही 2016 मध्ये तो घेतला, मग रोज बोलणाऱ्या आपण का बिचकायचं?

टिळकवाडी_वाचक
‘अय्यो पाप’ची दुरुस्ती मान्य. फक्त दूध आणि हात यांच्यामध्ये दुसरा ‘अय्यो’ येऊ देऊ नका, नाहीतर शेजारणीचा फिका पडेल.