हात बांधणं वगैरे नाही हो

सेप्सिसच्या (संसर्गामुळे शरीराची प्रतिक्रियाच बिघडून अवयव निकामी होऊ लागणं) उपचाराचा ठरलेला प्रोटोकॉल आला की डॉक्टरचे हात बांधले जातात, सलाईनही सरसकट ओतावं लागतं, हे वरचं म्हणणं अर्धंच पटलं. न्यूयॉर्कचं बघा ना, 2012 मध्ये रोरी स्टॉन्टन नावाचा 12 वर्षांचा मुलगा शाळेत बास्केटबॉल खेळताना पडला, हात खरचटला, मग ताप, उलट्या, आणि इमर्जन्सीतून पोट बिघडलंय म्हणून घरी पाठवला. रक्ताचे रिपोर्ट मागाहून आले, पांढऱ्या पेशी वाढलेल्या, पण घरच्यांना कोणी कळवलंच नाही! पोरगा सेप्सिसने गेला. 2013 ला राज्याने नियमच केला आणि त्यातून 3 तासांचं बंडल, म्हणजे तेवढ्या वेळात एकत्र करायच्या गोष्टींची यादी आली, ब्लड कल्चर (रक्तात जंतू आहेत का ती तपासणी), लॅक्टेट (शरीरावर किती ताण आलाय ते दाखवणारी रक्ततपासणी), अँटिबायोटिक, आणि कल्चरसाठी रक्त आधी काढायचं मग अँटिबायोटिकचा डोस (सिस्टरांना हे पाठ असतं, घोळ घालतो तो रेसिडेंट, म्हणजे शिकाऊ डॉक्टर, मीपण घातलाय). 2017 ला तिथलाच डेटा आला, बंडल पूर्ण व्हायला जितका उशीर तितके मृत्यू जास्त, दर तासाला मृत्यूचे ऑड्स (शक्यतेचं एक माप) साधारण 4 टक्क्यांनी वर. सलाईनचं मात्र तुमचं बरोबर आहे, वजनाच्या दर किलोला 30 मिली असं लिहिलंय म्हणून हार्ट फेल्युअरच्या (हृदय नीट पंप करत नाही अशा) पेशंटला डोळे झाकून ओतायचं नसतं, तिथे डोकं लावावंच लागतं, आणि त्या डेटातही सलाईन लवकर संपवल्याचा तसा फरक दिसला नव्हता.