जुना क्लिपरचा डॉस प्रोग्राम विंडोज ११ वर चालवायचाय, प्रिंट निघत नाही आणि दोन मशीनवर कसा लावू?

निळास्क्रीन:
नमस्कार मंडळी. आमच्याकडे स्टॉकचा एक जुना डॉस प्रोग्राम आहे, सोर्स कोड कुणाकडेच नाही, फक्त एक्झी आणि डेटा. इतकी वर्षं ३२ बिट विंडोजवर मस्त चालला, आता ते मशीन बंद पडलं आणि नव्यावर विंडोज ११ आहे, तिथे डबल क्लिक केलं की हे ॲप तुमच्या पीसीवर चालणार नाही एवढंच येतं, कम्पॅटिबिलिटीचे सगळे पर्याय लावून झाले, काही उपयोग नाही. मग डॉसबॉक्स (जुना डॉसचा पीसी नकली उभा करणारा इम्युलेटर) टाकला तर त्यात मेनू येतो, एन्ट्री पण होते, पण रिपोर्ट काढायला गेलं की प्रिंटर तयार नाही म्हणतो आणि मोठा लेजर उघडला की जास्त फाईली उघडल्याचा एरर देऊन थेट बाहेर. आणि पूर्वी दोन मशीनवरून एकाच वेळी एन्ट्री व्हायची, शेअर्ड फोल्डरमध्ये डेटा ठेवून, तेही परत हवंय. फोल्डरमध्ये डीबीएफ, डीबीटी, एनटीएक्स अशा फाईली आहेत. प्रोग्राम बदलायची इच्छा नाहीये, माणसं स्क्रीनकडे न बघता एन्ट्री मारतात त्यात, तो वेग नव्या सॉफ्टवेअरात कुठून आणू?

डीबीएफवाला:
डीबीएफमध्ये रेकॉर्ड असतात, डीबीटीमध्ये मेमो म्हणजे लांबलचक मजकूर आणि एनटीएक्स म्हणजे इंडेक्स, रेकॉर्ड पटकन शोधायची सूची. एनटीएक्स आहेत म्हणजे प्रोग्राम क्लिपरमध्ये लिहिलेला, फॉक्सप्रो (तसलंच दुसरं डेटाबेसचं साधन) असता तर सीडीएक्स किंवा आयडीएक्स दिसल्या असत्या. कम्पॅटिबिलिटी मोडच्या नादी लागू नका. १६ बिट प्रोग्राम चालवणारा विंडोजचा भाग ६४ बिट विंडोजमध्ये नाहीच, प्रोसेसर ६४ बिट मोडमध्ये असला की ज्या व्हर्च्युअल ८०८६ मोडवर तो भाग चालायचा तो मोडच मिळत नाही, आणि विंडोज ११ तर ३२ बिटमध्ये निघालेलंच नाही. तेव्हा इम्युलेटरला पर्याय नाही.

पण मूळ डॉसबॉक्स गेम्ससाठी बनवलाय, प्रिंटर पोर्ट त्यात नाही म्हणून तुमचा रिपोर्ट अडकतो. डॉसबॉक्स-एक्स घ्या किंवा व्हीडॉस बघा, व्हीडॉस तर अशा ऑफिसच्या प्रोग्रामांसाठीच केलेला आहे. डॉसबॉक्स-एक्समध्ये पॅरलल पोर्ट फाईलला जोडता येतो किंवा त्याच्या आतल्या नकली डॉट मॅट्रिक्स प्रिंटरला. रिपोर्ट १३२ कॉलमचा असेल तर दुसरा प्रकार वापरा, कारण प्रोग्राम आधी बारीक अक्षरांचा कोड १५ पाठवतो आणि शेवटी १८ पाठवून तो बंद करतो, हे कोड न कळणाऱ्या प्रिंटरवर ओळी तुटून पुढच्या ओळीवर जातात आणि बेरजा भलत्याच कॉलमखाली दिसतात.

फाईलींच्या एररचं म्हणाल तर दोन जागी बघावं लागतं. इम्युलेटरच्या कॉन्फिगमधला फाइल्सचा आकडा वाढवा आणि प्रोग्राम सुरू करायच्या आधी क्लिपर नावाचा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्राम सुरू होताना वाचतो ती सेटिंग) सेट करा, त्यात एफ आणि पुढे आकडा. नुसती पहिली गोष्ट केली तर एरर तसाच राहतो, कारण डॉसमध्ये एका प्रोग्रामला मुळात २० च हँडल (उघडी फाईल धरायच्या जागा) मिळतात आणि त्यातली ५ कीबोर्ड, स्क्रीन वगैरेंनीच घेतलेली असतात. मोठा लेजर म्हणजे चारपाच डीबीएफ, त्यांचे मेमो, प्रत्येकाचे दोनतीन इंडेक्स, लगेच संपतात.

एफ१०सेव्ह:
वरचं सगळं बरोबर आहे, मी फॉक्सप्रो २.६ चालवतो त्यामुळे एक भर घालतो. सायकल्स (इम्युलेटरचा वेग) मॅक्सवर ठेवू नका, फॉक्सप्रो तर वेगवान प्रोसेसरवर सुरू होतानाच शून्याने भागल्याचा एरर देतो, क्लिपरला तो त्रास नसला तरी ठरावीक सायकल्स ठेवलेल्या बऱ्या, नाहीतर डॉसचा प्रोग्राम कीबोर्डची वाट बघत बसतो तेव्हासुद्धा पंखा फुल फिरत असतो.

आणि दोन मशीनचं मात्र घाई करू नका हो. मूळ डॉसबॉक्समध्ये रेकॉर्ड लॉकिंगच (एकाने उघडलेला रेकॉर्ड दुसऱ्याला बदलू न देणं) नाही. म्हणजे दोघांनी एकच रेकॉर्ड उघडला तर ज्याने नंतर सेव्ह केलं त्याचं राहतं, पहिल्याचं पुसलं जातं आणि कुणाला कळतही नाही. आधी एनटीएक्स बिघडतात, त्या परत बनवता येतात, पण डीबीटीमध्ये दोघांनी एकदम लिहिलं तर मेमोचा मजकूर एकमेकांत घुसतो आणि तो काही केल्या सुटत नाही. डॉसबॉक्स-एक्स आणि व्हीडॉसमध्ये लॉकिंगची सोय आहे, पण ती चालू आहे का हे डेटाच्या कॉपीवर तपासा, एका मशीनवर रेकॉर्ड एडिटला उघडा आणि दुसरीकडून तोच उघडायचा प्रयत्न करा. अडवलं तर ठीक. नाही अडवलं तर एकाच मशीनवर एन्ट्री करा, बाकी काही नको.

निळास्क्रीन:
खूप आभार दोघांचे! डॉसबॉक्स-एक्सवर प्रिंट निघाली, कॉलम जागच्या जागी आहेत, आणि फाईलींचा एररही गेला. लॉकिंग कॉपीवरच बघतो. अजून एक, डॉसबॉक्सवर काल एकाने प्रोग्राम चालू असतानाच कंट्रोल एफ९ दाबलं आणि खिडकी धाडकन बंद झाली, आता शेवटच्या काही एन्ट्र्या यादीत दिसत नाहीयेत. गेल्या का?

डीबीएफवाला:
बहुतेक नाही गेल्या. पण आत्ता तो प्रोग्राम उघडूच नका, इंडेक्स पण करू नका, आधी सगळा फोल्डर दुसरीकडे कॉपी करा. डॉसबॉक्समध्ये कंट्रोल एफ९ म्हणजे इम्युलेटरच मारणं, प्रोग्रामला फाईल नीट बंद करायची संधी मिळत नाही.

आता कॉपीतली डीबीएफ हेक्स एडिटरमध्ये (फाईलचे बाइट हेक्स आकड्यांत दाखवणारा प्रोग्राम) उघडा. डीबीटी सोबत आहे म्हणजे पहिला बाइट ८३ असायला हवा, मेमो नसलेल्या फाईलीत ०३ असतो. पुढचे तीन बाइट म्हणजे शेवटच्या बदलाची तारीख, त्यानंतरच्या चार बाइटमध्ये रेकॉर्डची संख्या, लहान बाइट आधी. मग दोन बाइट हेडरची लांबी आणि दोन बाइट एका रेकॉर्डची लांबी. फाईलच्या साइजमधून हेडर वजा करा आणि रेकॉर्डच्या लांबीने भागा. उत्तर हेडरमधल्या संख्येपेक्षा जास्त आलं तर तुमच्या एन्ट्र्या फाईलच्या शेपटीला बसलेल्या आहेत, फक्त मोजणीत आलेल्या नाहीत. त्या डोळ्यांनीच दिसतील, डीबीएफमध्ये मजकूर सरळ अक्षरांत असतो आणि तारीखसुद्धा वर्ष महिना दिवस अशी ८ आकड्यांत. प्रत्येक रेकॉर्डच्या आधी एक स्पेस असते, डिलीट केलेला असेल तर तिथे स्टार असतो. कॉपीत संख्या दुरुस्त करा, एनटीएक्स उडवून प्रोग्रामच्या मेनूतून रीइंडेक्स करा आणि यादी ताडून बघा. बरोबर असेल तरच ती मूळ जागी ठेवा, आणि डीबीएफ बरोबर त्याच वेळची डीबीटी, वेगवेगळ्या दिवसांची जोडी चालत नाही.

टर्मिनल_७७:
संख्या लिहिताना जपून, १००० म्हणजे हेक्समध्ये ३ई८, ते फाईलमध्ये ई८ ०३ ०० ०० असं जातं. आणि डॉसबॉक्स-एक्सच्या मॅपरमध्ये (कुठली कळ काय करते ते ठरवायची जागा) जाऊन ती इम्युलेटर बंद करणारी कळच काढून टाका.