बाबांची मारुती ८०० ‘आता रस्त्यावर नाही’ असं आरटीओला कळवता येतं का?

दादरकरीण:
नमस्कार मंडळी. बाबांची मारुती ८०० आहे, २००४ ची, ताडदेव पासिंग, एमएच ०१. पंधरा वर्षं २०१९ मध्ये भरली. नूतनीकरणाचं विचारलं की बाबा म्हणायचे, “करू गं, करू.” २०२१ मध्ये ते गेले. तेव्हापासून गाडी सोसायटीच्या कंपाउंडात निळ्या ताडपत्रीखाली आहे. बॅटरी मेली, पुढचे दोन्ही टायर बसले, बॉनेटखाली मांजरीची दोन बाळंतपणं झाली. आई मात्र दर रविवारी ताडपत्री काढून काचा पुसते.

आता बिल्डिंग पुनर्विकासाला चालली आहे आणि महिन्याभरात गाड्या हलवायच्या आहेत. भंगार हा शब्द आईसमोर काढायची सोय नाही. “देवरूखला अंगणात आंब्याखाली ठेवू,” असं तिचं चाललंय.

लेस्टरचा माझा मावसभाऊ म्हणाला, “मग सॉर्न कर की!” तिकडे इंग्लंडात म्हणे गाडी वापरायची नसेल तर डीव्हीएलएला, म्हणजे तिथल्या आरटीओला, ऑनलाइन कळवायचं, त्यालाच सॉर्न म्हणतात. त्याचे पैसे पडत नाहीत, वर रोड टॅक्सचे उरलेले पूर्ण महिने परत मिळतात आणि विमाही लागत नाही. फक्त गाडी आपल्या खासगी जागेत हवी, सार्वजनिक रस्त्यावर नुसती उभी केलेलीही चालत नाही. आपल्याकडे असं काही आहे का? इथल्या एका एजंटाने सांगितलं, “मुदत संपली की गाडीचं नाव आपोआप जातं, काही करू नका.” मला ते पटेना.

कागदीवाघ:
पटलं नाही ते बरंच झालं. नोंदणीची मुदत संपली म्हणजे गाडी चालवता येत नाही, एवढंच. ‘वाहन’ या सरकारी ऑनलाइन नोंदवहीत मालक म्हणून तुमचे वडीलच राहतात.

सॉर्नचा जोडीदार खासगी गाडीला आपल्याकडे नाही. कारण सरळ आहे: महाराष्ट्रात खासगी गाडीचा कर गाडी घेतानाच एकरकमी भरला जातो, मग थांबवायचं काय? टेम्पो-ट्रकवाले ‘नॉन-यूज’ टाकतात ते वेगळं. त्यांचा कर मुदतीमुदतीने असतो, म्हणून गाडी उभी राहणार असेल तर आधीच कळवून तेवढा वाचवतात. तुम्हाला त्याचा उपयोग नाही.

उरलं मोटार वाहन कायद्याचं कलम ५५. गाडी नष्ट झाली किंवा कायमची निकामी झाली, तर मालकाने १४ दिवसांत कळवायचं आणि नोंदणी रद्द करून घ्यायची. पण ‘कायमची’ या शब्दावर लक्ष द्या. जपून ठेवायच्या गाडीसाठी हे कलम नाही.

पुन्हा चालती करायची असेल तर खर्च ऐकून घ्या. वीस वर्षांवरच्या मोटारीची नूतनीकरण फी ऑगस्ट २०२५ पासून १०,००० रुपये आहे. त्यावर उशिराचे महिन्याला ५००, पर्यावरण कर, नवी नंबरप्लेट, पीयूसी, विमा. गाडीच्या किमतीला मागे टाकाल.

आणि काहीही ठरवलंत तरी आधी वारसाहक्काने नाव बदला. फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला, बाकी वारसांची संमती. खरं तर हे काम मृत्यूनंतर तीन महिन्यांत करायचं असतं. भाऊ परदेशात असेल तर त्याची सही आजच मागवा, कागद नेहमी तिथेच अडकतो.

काळीपिवळी:
वाघसाहेबांना अनुमोदन. माझा अनुभव जोडतो.

वडील पद्मिनी चालवायचे. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवलाच २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली आणि वीस वर्षांच्या नियमाने ऑक्टोबर २०२३ मध्ये थांबली. आमची त्याच्या बरीच आधी गेली, पण रीतसर. चेसिस नंबरचा तुकडा कापून आरटीओत जमा केला. वडील तो तुकडा हातात घेऊन वडाळ्यापासून बसने गेले, पेपरात गुंडाळून. घरी येऊन जेवले नाहीत.

एवढं बघूनही मी शहाणा झालो नाही. माझी झेन कुर्ल्याच्या एका भंगारवाल्याला १८,००० रोख घेऊन दिली, कागद शून्य. दोन वर्षांनी फोनवर चलान: नागपूर हायवे, अतिवेग, नंबर माझा! फोटोत भलतीच पांढरी गाडी. दंडाचं निस्तरलं, पण पोलिसांना लेखी तक्रार देताना जो घाम फुटला तो विसरत नाही. त्या नंबराने उद्या कुणी कुणाला उडवलं असतं तर?

म्हणून ताई, कधी मोडीत काढलीच तर नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रातच द्या. २०२१ च्या नियमांनुसार ते आधी गाडीवर कर्ज, चोरी, गुन्हा यांची नोंद तपासतात, मग ठेव प्रमाणपत्र, म्हणजे गाडी मोडीत जमा केल्याचा दाखला, देतात. नव्या गाडीच्या करात त्यावर सवलत असते. मुदत संपलेली नोंदणी तिथे चालते, त्यासाठी नूतनीकरणाचा खर्च नको.

साखरपेकर:
देवरूखला न्यायची तर चालवत नेऊ नका, “रात्री काढू, कोण बघतंय” म्हणणारे भेटतील. नोंदणी नाही, विमा नाही. कशेडी घाटात काही झालं तर सगळं अंगावर. फ्लॅटबेडवर चढवून न्या. तिथे चाकं विटांवर चढवा, पेट्रोलची टाकी रिकामी करा, बॅटरी काढून टाका. कोकणातला पाऊस आहे, खालून पत्रा आधी जातो.

दादरकरीण:
सगळ्यांचे आभार. भावाला संमतिपत्राचं लिहिलंय, बाबांच्या नावावरचं चलान काही नाही हे तपासलं. सोमवारी फॉर्म ३१ घेऊन ताडदेवला जाते.

आईला विटांचं सांगितलं. तिचं उत्तर: “आंब्याखाली नको मग, कैऱ्या पडून टप चेपेल. पडवीला लागून पत्रे घाला.” साखरपेकर, देवरूखात पत्रे घालणारा कोणी माहितीत आहे का?