अनुभव धागा: 'अर्थसी' आपण कशी वाचली?

उर्सुला ल ग्विन यांची १९६८ सालची 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' ही कल्पनारम्य कादंबरी ज्यांनी वाचली आहे, त्यांनी वाचताना आपण कोठे रेंगाळलो ते येथे लिहावे. शेवट मात्र सांगू नये. सुरुवात मीच करते. इतर जादूगार मंत्राने ढग दुसरीकडे पिटाळतात, पण कथानायक गेडचा गुरू ओजिअन पावसाला हवे तेथे पडू देतो आणि एका दाट फर वृक्षाखाली आडवा होतो, तर शिष्य गळत्या झुडपांत भिजत, धुमसत बसतो. सामर्थ्य असूनही ते न वापरणारा जादूगार मला येथे प्रथम भेटला, आणि त्या परिच्छेदाची लयही त्याच्यासारखीच संथ आहे.

⁂

मी गेडच्या जादूच्या शाळेतील नावांच्या मनोऱ्यात अडकलो. तेथे विद्यार्थ्यांना वस्तूंच्या खऱ्या नावांच्या याद्या मिळतात. मध्यरात्री शाई उडून कागद कोरा होतो, म्हणून त्याआधी सारे पाठ करावे लागते. लहानपणी आजोबांनी माझ्याकडून अमरकोश घोकून घेतला होता आणि एकेका देवाला इतकी नावे कशाला, असे म्हणून मी रडलो होतो. हे प्रकरण मी मोठ्याने वाचले, कारण ती नावे डोळ्यांपेक्षा जिभेवर अधिक रुळतात.

⁂

माझ्या प्रतीच्या मुखपृष्ठावर गेड गोरा होता, म्हणून मीही तो तसाच पाहिला. त्याचा वर्ण तांबूस-तपकिरी असल्याचे पुस्तकात स्वच्छ लिहिलेले मला दुसऱ्या वाचनात दिसले; गोरे आहेत ते लुटायला येणारे कार्ग. अशा मुखपृष्ठांबद्दल लेखिकेनेही उघड नाराजी व्यक्त केली होती. माझ्या नजरेबद्दल मात्र मलाच नाराज व्हावे लागले.

⁂

खरे सांगायचे तर मी हे पुस्तक दोनदा अर्ध्यावर सोडले. संवाद कमी आणि पानोपानी नवे बेट, त्यामुळे कोण कोठे निघाला आहे हेच कळेना. लेखिकेने गोष्टीआधी नकाशा काढला होता असे समजल्यावर मी त्या नकाशाची झेरॉक्स काढली आणि गेडची होडी जाईल तशी पेन्सिलीने रेघ ओढत तिसऱ्यांदा वाचायला बसलो. आस्टोवेल बेटाच्या पूर्वेला नकाशा संपतो, होडी थांबत नाही. माझी रेघ कागदावरून जेवणाच्या टेबलावर उतरली आणि ती अजून पुसलेली नाही.