फरशीवर बुडालेली एमएम ५४० चालू तर झाली, पण लंगडतेय. इंजिन उघडू का?

लाल_माती:

मंडळी, जरा तातडीचा सल्ला हवा आहे.

गाडी महिंद्रा एमएम ५४०, १९९३ची. इंजिन एक्सडीपी ४.९०, म्हणजे प्यूजोचं २११२ सीसी डिझेल. बाबांनी घेतलेली, त्यामुळे "विकून टाका" हा सल्ला सोडून काहीही चालेल.

देवरुखच्या खालच्या अंगाला आमची वाडी. वाडी आणि डांबरी रस्ता यांच्यामध्ये एक पऱ्या (ओढा), त्यावर बुटकी फरशी, म्हणजे पावसात पाणी वरून जातं असा ठेंगणा पूल. गेल्या शनिवारी दुपारी दोन तास धो धो कोसळला. परत येताना फरशीवरून पाणी चाललं होतं, पण पलीकडचा खुणेचा दगड दिसत होता, म्हणून लो गिअर टाकला आणि घातली गाडी. चूक माझीच. त्यावर प्रवचन नको, ते घरी झालंय.

मधोमध पुढचं डावं चाक फरशीच्या कडेवरून घसरलं, गाडी नाकावर बसली आणि बॉनेटवर पाणी आलं. 'ठक्' असा एक आवाज आणि इंजिन बंद. गचके देत, धापा टाकत नाही. कुणी हात धरून थांबवावं तसं जागच्या जागी. मी घाबरून दोनदा सेल्फ मारला. दोन्ही वेळा नुसतं 'टक्'. तेवढ्यात हॉर्न आपोआप सुरू झाला तो थांबेचना. पाण्यात हात घालून बॅटरीची वायर उपटेपर्यंत बोंबलत होता. त्या आवाजानेच वाडीतली पोरं धावत आली, एवढाच फायदा. पाऊण तासाने शेजारच्यांच्या ट्रॅक्टरला दोर बांधून बाहेर काढली.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी चारही हीटर प्लग (थंड इंजिन चालू करताना तापतात ते) काढून सेल्फ मारला. तीन नंबरमधून पाण्याची पिचकारी उडाली ती शेडच्या पत्र्यापर्यंत. मग ऑइल बदललं, फिल्टर बदलले, हवा काढली, आणि गाडी चक्क चालू झाली. आम्ही पेढे वाटले.

पण तेव्हापासून सकाळी पहिली दोन-तीन मिनिटं पांढरा धूर आणि बारीक 'टॅक टॅक'. गरम झाली की आवाज जवळजवळ जातो. आयडलला मात्र गाडी लंगडते आणि चढाला ओढ कमी आहे. आमचे मिस्त्री म्हणतात टॅपेट (वॉल्व्ह उघडणारा भाग) आणि नोझल (डिझेल फवारणारं), दोन दिवसांत बसेल. दुसऱ्या एका गॅरेजवाल्याने बॉनेट न उघडता, चहा पिता पिता फुल इंजिन सांगितलं, ८५ हजार. दोघांपैकी कुणाचं ऐकू?

घाटमाथा:

प्रवचन नको म्हणालात म्हणून एकच वाक्य: वाहत्या पाण्यात खुणेचा दगड दिसतो, फरशीची कड दिसत नाही.

आता मुद्द्याचं. 'जागच्या जागी थांबलं' हे वाचूनच पोटात गोळा आला. तुमच्या इंजिनाचा एक सिलिंडर ५२८ सीसी. कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे पिस्टन खाली असतानाची जागा वर असतानाच्या किती पट, तो साधारण २२ धरा. पिस्टन पूर्ण वर आला की हवेसाठी उरते जेमतेम २५ सीसी जागा, म्हणजे औषधाच्या बाटलीची दोन टोपणं. तेवढ्या जागेत त्याहून जास्त पाणी आलं की पाणी काही दबत नाही. मग दबतं ते दुसरं काहीतरी, आणि तो बहुतेक वेळा कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टन क्रँकला जोडणारा दांडा असतो. तुम्ही लो गिअरमध्ये सावकाश होतात हे नशीब. हायवेच्या वेगात रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो.

आणि त्यानंतरचे दोन सेल्फ... असो.

बारा_तेरा:

दादा, टॅपेट-नोझल होईल तेव्हा होईल. आधी गाडी चालवणं बंद करा. रॉड वाकलेला असेल तर ती 'चालतेय' याला काही अर्थ नाही. वाकलेला रॉड आज ना उद्या तुटतो, आणि तुटला की ब्लॉकही जातो. मग ८५ हजारांत भागणार नाही.

लाल_माती:

बंद केली. एक विचारू? एका व्हिडिओत पाहिलं की हीटर प्लगच्या भोकातून तार घालून पिस्टन किती वर येतो ते चारही सिलिंडरला मोजतात. मी तसं करून पाहिलं, पण तार कुठेतरी अडते. जोर लावू का?

बारा_तेरा:

अजिबात नको! तुमचं इंजिन डायरेक्ट इंजेक्शनचं नाही. हीटर प्लग आणि नोझल दोन्ही हेडमधल्या छोट्या कप्प्यात उघडतात, तिथून अरुंद वाटेने सिलिंडर. तार त्या कप्प्याच्या भिंतीला अडतेय, पिस्टनपर्यंत ती जाणारच नाही. व्हिडिओतलं इंजिन वेगळं असणार.

तुम्ही असं करा. चारही हीटर प्लग काढा, डिझेल बंद, बॅटरी पूर्ण चार्ज, आणि डिझेलचा कॉम्प्रेशन गेज लावून चारही सिलिंडरचे आकडे घ्या. पेट्रोलचा गेज नको, फुटेल. आकडा किती येतो याला फारसं महत्त्व नाही. चारांत फरक किती, ते बघायचं.

वाशिष्ठीकाठ:

२२ जुलै २०२१ला चिपळूणला माझी जीप अंगणात उभ्या उभ्या छपरापर्यंत बुडाली होती, म्हणून लिहितोय. माझं इंजिन बंद होतं, त्यामुळे रॉड वाचले. पण गाळाने जे केलं ते पुढे वर्षभर निस्तरत होतो. इंजिनाच्या नादात तुमचं बाकीचं राहून जाईल, म्हणून चार गोष्टी सांगतो.

गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि पुढच्या-मागच्या ॲक्सलच्या दोन्ही हौसिंगचे ड्रेन नट आजच्या आज सैल करा. एकदम काढू नका, हळूच अर्धा-एक फेरा. पाणी जड, ते तळाला बसतं, म्हणून आधी पाणी ठिबकेल आणि मागून ऑइल. गाडी त्यानंतर चालली असेल तर दोन्ही एक होऊन दुधाच्या चहासारखं येईल. "आमची हौसिंग बुडाली पण सील चांगली आहेत" असं म्हणू नका. गाडी चालून हौसिंग गरम झालेलं असतं, थंड पाण्यात शिरलं की आतली हवा आकसते आणि सीलमधून, ब्रीदरमधून (हौसिंगच्या हवेच्या भोकातून) पाणी आत ओढून घेते. चांगली सील बाहेर येणाऱ्या ऑइलसाठी असते, आत येणाऱ्या पाण्यासाठी नव्हे.

चाकांचे बेअरिंग काढून ग्रीस बदला. ब्रेकचे ड्रम उघडा, आत चिखलाची वडी सापडेल. ब्रेक ऑइल पूर्ण बदला, ते पाणी शोषतं. डिझेल टाकीच्या तळाचा नट उघडून बाटलीभर डिझेल काढा आणि रात्रभर काचेच्या बरणीत ठेवा. सकाळी खाली पाण्याचा थर दिसला तर टाकी उतरवायची. आणि गाडी महिनाभर उभी ठेवणार असाल तर क्लच दाबून खाली लाकडी दांडा अडकवून ठेवा, नाहीतर प्लेट फ्लायव्हीलला गंजून चिकटते. माझी चिकटली होती.

सह्यवारा:

इन्शुरन्सला विचारलंत का?

लाल_माती:

जुनी गाडी, फक्त थर्ड पार्टी आहे.

घाटमाथा:

आणि फुल पॉलिसी असती तरी इंजिनात पाणी गेल्याचा खर्च साध्या पॉलिसीत देत नाहीत, त्याला इंजिन प्रोटेक्शन वेगळं घ्यावं लागतं. पाण्यात बंद पडल्यावर पुन्हा सेल्फ मारला असेल तर त्यावरूनही वाद घालतात.

लाल_माती:

गेज मिळाला, रत्नागिरीहून एका ओळखीच्यांनी पाठवला. आकडे पीएसआयमध्ये: एक नंबर ३८०, दोन नंबर ३७५, तीन नंबर २९०, चार नंबर ३८५. तीनदा घेतले, पाच-दहाच्या फरकाने तेच. मिस्त्री अजून म्हणतायत की तीन नंबरचा वॉल्व्ह बसत नसेल, गाळ अडकला असेल.

बारा_तेरा:

मिस्त्री म्हणतात ते अशक्य नाही. हेड न उतरवता त्याचा निकाल लावता येतो. टॅपेटचं अंतर आधी तपासून घ्या. मग तीन नंबर कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणा, गाडी गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला, चाकाला दगड (हवेने क्रँक फिरतो, हात सांभाळा). हीटर प्लगच्या भोकातून पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा सोडा आणि कान द्या. सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट वॉल्व्ह. एअर क्लीनरच्या नळीतून आली तर इनटेक. ऑइल भरायच्या तोंडातून जोरात आली तर रिंग. थोडीशी तिथून सगळ्यांच्याच येते, म्हणून दोन नंबरलाही तेच करून तुलना करा.

आणि कुठूनच जास्त आली नाही, हवा धरून ठेवतोय, तरीही कॉम्प्रेशन कमी? मग हवा गळत नाहीये, पिस्टन पुरेसा वर जात नाहीये. म्हणजे रॉड बुटका झालाय.

किती बुटका, याचा हिशेब आत्ताच मांडून ठेवतो. बोअर ९० मिमी. पिस्टन एक मिमी खाली राहिला की वरची जागा सहा सीसींहून थोडी जास्त वाढते. २५ची झाली ३१. रेशो २२वरून १८च्या खाली. एका मिलिमीटरला एवढं! तुमचा २९०चा आकडा साधारण याच हिशेबात बसतो. पण हा कागदावरचा हिशेब, हवा सोडल्याशिवाय हेडला हात लावू नका.

लाल_माती:

हवा सोडली. दोन नंबर आणि तीन नंबर सारखेच. ऑइलच्या तोंडातून थोडीशी, बाकी चिडीचूप. मिस्त्रींनी स्वतः सायलेन्सरला कान लावला, मग एअर क्लीनरच्या नळीला, मग काही न बोलता पाने काढायला गेले. हेड उद्या उतरवतोय.

वाशिष्ठीकाठ:

शुभेच्छा. हौसिंगचं काय झालं?

लाल_माती:

सवड झाली नाही अजून.

वाशिष्ठीकाठ:

करा हो.

लाल_माती:

उशिरा लिहितोय, माफ करा. मधे तीन आठवडे गेले.

हेड उतरवून प्रत्येक पिस्टन पूर्ण वर आणला, ब्लॉकवर पट्टी टाकून डेप्थ व्हर्नियरने मोजलं. एक, दोन, चार एकमेकांत केसभर फरकाने सारखे. तीन नंबर ०.९ मिमी खाली. बारा_तेरा, तुम्हाला दंडवत.

रॉड बाहेर काढला तेव्हा एकटा पाहून काही वाटलं नाही. दोन नंबरचा शेजारी ठेवला आणि बाक नजरेत भरला. मधला भाग एका अंगाला धनुष्यासारखा, साताठ मिमी तरी. पिस्टनच्या खालच्या कडेला एका बाजूने घासल्याची चकाकी होती, तेच ते सकाळचं 'टॅक टॅक'. लाइनरवर एक उभी रेघ, पण नखाला लागत नव्हती, म्हणून तो ठेवला. मिस्त्री बराच वेळ तो रॉड हातात फिरवत राहिले. "ह्याच्यावर आपण पेढे खाल्ले," एवढंच म्हणाले.

रॉड कुर्ल्याला सीएसटी रोडवर मिळाला, वापरलेला. चारही रॉड मशीन शॉपला देऊन अलाइनमेंट तपासली, बाकीचे तीन सरळ निघाले. वजन जुळवायला हवं हे मशीन शॉपवाल्यानेच सांगितलं. आमच्याकडे काटा एकच, किराणा दुकानातला. दुकानदाराने वर्तमानपत्र अंथरलं आणि गिऱ्हाइकं थांबवून चारही रॉड तोलून दिले. जुने तिघे पाच ग्रॅमच्या आत, नवा आलेला अठरा ग्रॅम जड. तो घासून जुळवला. तीन नंबरचा पिस्टन नवा, सगळ्या रिंगा, बिगेंड बेअरिंग, हेड गॅस्केट. मजुरीसकट ३१ हजार. ८५ वाचले असं बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली ३१ गेले.

पहिलं ऑइल दहा मिनिटं चालवून काढून टाकलं, त्यातही बारीक गाळ होताच. दुसरं पाचशे किलोमीटरला काढणार आहे. आता आयडल सरळ आहे, सकाळचा धूरही गेला.

वाशिष्ठीकाठ, मागचं हौसिंग स्वच्छ निघालं. पुढच्या हौसिंगमधून लिटरभर दुधाचा चहा आला. आणखी महिनाभर राहिलं असतं तर पुढचे क्राउन-पिनियन (हौसिंगमधले गिअर) गंजले असते. दोन्ही ब्रीदरना नळी जोडून बॉनेटखाली उंच नेल्या. फरशीवरून आता पायी जातो.

एकच राहिलंय. पाऊस असला आणि स्टिअरिंग उजवीकडे पूर्ण वळवलं की हॉर्न वाजतो. डावीकडे नाही, फक्त उजवीकडे. आमच्या उतारावर सगळी वळणं उजवीच आहेत.

बारा_तेरा:

स्टिअरिंग कॉलममधून हॉर्नची वायर वर येते, तिचं इन्सुलेशन कुठेतरी सोललंय, वळवताना पत्र्याला टेकते. हॉर्नचं बटण काढा, वायर वर ओढून बघा, हिरवा गंज चढलेला तुकडा सापडेल. तोपर्यंत वाडीला तुम्ही आल्याचं कळतंय, ते चालू द्या.