मदत हवी आहे: सेरेब्रल पाल्सी म्हणजे नक्की काय? (बाळ ११ महिन्यांचं)

चिमणी_उडाली:
प्लीज कोणीतरी लवकर सांगा. काल डॉक्टर म्हणाले सीपी (सेरेब्रल पाल्सी) असू शकते, फिजिओ लगेच सुरू करा, एमआरआय करू. किती सिरीयस विचारलं तर म्हणे आत्ताच सांगता येणार नाही. हे काय उत्तर झालं? घरचे म्हणतात डावखुरा आहे, बाकी काही नाही. रात्रभर गुगल करून डोकं भणभणतंय. हे वाढत जातं का? चालेल का तो?

रिकामा_कप:
डावखुरा कुठून आला मध्येच? काय दिसलं ते लिहा की. फक्त हात की पाय पण? वेळेवर झालाय का?

चिमणी_उडाली:
उजवी मूठ मिटलेलीच असते. खेळणं उजवीकडे धरलं तरी डावा हात आडवा आणून घेतो. बसतो, रांगत नाही. हसतो, ओळखतो सगळ्यांना.

दोन_वेण्या:
ताई, माझी लेक ८ वर्षांची, उजवी बाजू, हेमिप्लेजिया म्हणजे एकाच बाजूची सीपी. आम्हीपण डावखुरी डावखुरी करत सहा महिने घालवले, अजून हळहळ वाटते. वर्षाच्या आत मूल सहसा एकच हात धरून बसत नाही, बसलं तर दुसऱ्या हाताला काय झालंय ते बघायचं. सीपी म्हणजे मेंदूतल्या इजेमुळे हालचालींवर होणारा परिणाम. ती इजा वाढत नाही, ती पोटात असताना, जन्मताना नाहीतर त्यानंतर लवकरच होऊन गेलेली असते. पण हाडं वाढतात आणि आखडलेले स्नायू मागे पडतात, म्हणून लक्ष दिलं नाही तर आजार वाढतोय असं वाटतं. एकाच बाजूची असेल तर बहुतेक सगळी मुलं चालतात. आमची २२ महिन्यांची असताना चालली. पायात स्प्लिंट आहे, शाळेत जाते, कडाकडा भांडते.

प्राणवायू:
ऑक्सिजन कमी पडल्यामुळे होतं, मग ऑक्सिजन द्या, साधं लॉजिक आहे. हायपरबॅरिक चेंबर, म्हणजे जास्त दाबाखाली ऑक्सिजन देणारी बंद खोली. ओळखीतल्या मुलाला ४० सेशन्सनंतर जबरदस्त फरक. डॉक्टर सांगणार नाहीत.

रिकामा_कप:
झालं सुरू. कॅनडात १११ मुलांवर चाचणी झाली, २००१ साली छापून आली. एका गटाला दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन, दुसऱ्याला किंचित दाबाची साधी हवा, आणि दोन्ही गट सारखेच सुधारले. मेलेल्या पेशी चेंबरने परत येत नाहीत.

प्राणवायू:
सुधारले ना? मग?

रिकामा_कप:
हवेवर पण सुधारले हो!!

जुनी_वही:
अवांतर: ऑक्सिजनचा सिद्धांत १८६० च्या दशकातला, डॉ. लिटल यांचा. फ्रॉइडने (तोच तो मनोविश्लेषणवाला, आधी मेंदूचा डॉक्टर होता) १८९७ मध्ये शंका काढली की अवघड बाळंतपण हे कारण नसून पोटातच बिघडलेल्या गोष्टीचा परिणाम असेल. बऱ्याच केसेसमध्ये त्याचंच बरोबर निघालं.

सावकाश_काका:
व्हीलचेअर घेताना सीटची रुंदी नीट मोजा, मोठी घेऊ नका, मूल एका बाजूला कलतं.

चिमणी_उडाली:
काका, तो ११ महिन्यांचा आहे. आणि तो ३१ व्या आठवड्यातच जन्मलाय हे मागच्या धाग्यात लिहिलं होतं की.

दोन_वेण्या:
अहो मागचा धागा कोण वाचतंय, हे आधी सांगायचं ना! मग लवकर आलेले नऊ आठवडे वयातून वजा करा, म्हणजे तो नऊ महिन्यांचाच धरायचा. रांगत नाही याचं टेन्शन नको. मुठीचं मात्र घ्या. किती सिरीयस ते दोन वर्षांच्या आसपास जरा नीट कळतं, डॉक्टर टाळत नव्हते. एमआरआयसाठी फिजिओ थांबवू नका. नुसतं हातपाय ओढून घेणारा फिजिओ नको, बाळाला स्वतः हात पुढे करायला लावणारा बघा. चांगल्या हातावर थोडा वेळ मोजा घालून दुसऱ्याला कामाला लावतात, पण मनाने करू नका, थेरपिस्टला विचारून. डोळे, कान तपासून घ्या. फिट्स येत नाहीत ना?

चिमणी_उडाली:
नाही. म्हणजे या वयात कशा दिसतात? झोपेतून उठला की दोन्ही हात एकदम उडवतो आणि मान पुढे, लागोपाठ पाच सहा वेळा. दचकतो असं सासूबाई म्हणतात. आठवडा झाला असेल.

दोन_वेण्या:
धागा बंद करा आणि आत्ता डॉक्टरांना फोन लावा. व्हिडिओ काढून ठेवा. फिट अशीही असते या वयात, नसेल तर उत्तमच, पण ईईजी (मेंदूच्या लहरींची तपासणी) आजच विचारा, उद्यावर नको.

प्राणवायू:
फिट्सवर पण ऑक्सिजनने

रिकामा_कप:
गप्प बसा हो.

चिमणी_उडाली:
फोन लागला. लगेच या म्हणाले. निघतोय.